बाहीतली ओंबी

भाईंदर (पूर्व),
२० फेब्रुवारी २००७

प्रिय सरू,

संक्रांत होऊन गेली, तुझी तिळगुळाची पुडी पोचली, आणि माझं मात्र पत्र नाही की फोन नाही. तू म्हणाली असशील, अण्णा बसला असेल कुठल्यातरी शाळेतल्या कवितेला चाल लावत. तसं असतं तर बरं होतं. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मी गप्प होतो, आणि बोलायचं ते राहूनच जातं. पत्र कसं, मध्ये कुणाला बोलता येत नाही.

तुझ्या मळ्यात मी पहिल्यांदा आलो तो माघ महिना तुला आठवतो का? आपण कोकणातल्या कातळावरची माणसं, भात आणि नाचणीपलीकडे पीक कुठे पाहिलेलं? विहिरीजवळच्या वाफ्यातल्या त्या लांब मिशांच्या ओंब्या बघून मी म्हणालो, काय सुंदर गहू आहे, आणि दाजी इतके हसले की विडी हातातून पडली. तो सातू होता. मग त्यांनी मला बांधावरचं कुसळी गवतही दाखवलं. म्हणाले, पाव्हणं, गहू, सातू आणि हे गवत, सगळं एकाच घराण्यातलं; दोघं घरात राहिली, बाकीची रानात गेली. बोलता बोलता त्यांनी एक ओंबी माझ्या सदऱ्याच्या बाहीत सरकवली. घरी येईपर्यंत ती काखेत पोचली होती. तिची कुसळं अशी की हात हलेल तशी ती पुढेच जाते; मागे ओढली की टोचते. तू हसत हसत ती काढलीस, आणि मी त्या रात्री भुजंगप्रयातात दोन ओळी जुळवल्या:

उभे पीक सोनेरि वाऱ्यात डोले
गव्हाचे जवाशी जुने रक्त बोले

सातू वृत्तात बसेना, म्हणून जव घातला. तू म्हणालीस, एकाच दाण्याला दोन नावं कशाला, अण्णा? मी म्हणालो, एक स्वयंपाकघरातलं, एक कवितेतलं. किती ऐटीत म्हणालो होतो.

आता आपल्या नातीचं, आरोहीचं. दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं ते तुला माहीत आहे: गव्हातलं सत्त्व पोरीच्या आतड्याला सोसत नाही, म्हणून पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. सूनबाईनं, सुगंधानं, त्याच संध्याकाळी घरातली कणीक, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं उचलून वॉचमनच्या बायकोला देऊन टाकलं. डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी काय काय बंद ते सांगितलं, शेवटी जौ म्हणाले. जौ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे होमात टाकायचे चार दाणे आले. मी विचारलं, सातू का आटा चलेगा ना? तर म्हणाले, हाँ हाँ, सत्तू तो बहुत अच्छा है, ताकत आएगी. माझा जीव भांड्यात पडला. तुझ्या सातूच्या पिठाचा डबा होताच. रोज सकाळी दूध-गूळ घालून वाटीभर मी स्वतः कालवायचो, आणि ती खाईपर्यंत तिच्या पाठीवर थोपटत त्या दोन ओळी म्हणायचो. तिला पाठ झाल्या.

तरी पोर सुधारेना. आणि सरू, तिथून माझ्या बाहीत ओंबी शिरली. गहू घरात नाही, तरी पोट फुगतंय, म्हणजे कुणीतरी चोरून देतंय. पहिल्यांदा मी समोरच्या भाभीवर संशय धरला. त्यांच्याकडे गव्हाच्या खाखऱ्यांचे डबेच्या डबे. दाराच्या भिंगाला डोळा लावून मी उभा राहायचो, आरोही त्यांच्या दारात किती वेळ थांबते ते बघायला. शाळेतून आली की तिला 'हाऽ' कर म्हणायचो आणि तोंडाचा वास घ्यायचो. मुलगी आपली खेळ समजून खदखदून हसायची. मग एकदा सुगंधाच्या पर्समध्ये वडापावचा कागद दिसला. ती बिचारी ऑफिसातून येताना बाहेरच खाऊन यायची, घरात पाव आणायला नको म्हणून. हे तिनं सांगितलंही. पण एकदा संशय आला की खरं बोलणंसुद्धा पाठ केल्यासारखं वाटतं. मी तुला फोन केला. तू मला म्हणालीस, दे तिला. आणि तू तिला काय म्हणालीस ते फोनला कान न लावताही मला ऐकू आलं. "पोरीच्या जिवापेक्षा तुझी जीभ मोठी झाली का गं?"

सुगंधानं फोन जागेवर ठेवला. ओट्यावरचा तुझा डबा पुसून फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी आरोहीला घेऊन ती राईला, आईकडे निघून गेली. प्रितम माझ्याशी कामापुरतं बोलतो. बापाशी बोलतोय की बँकेतल्या खिडकीशी, कळत नाही.

महिन्याभरानं मी राईला गेलो. तू ते गाव पाहिलेलं नाहीस. खाडीच्या अंगाला जुनी घरं, मध्येच नव्या बिल्डिंगा, आणि दोन बिल्डिंगांच्या मध्ये पडीक जागेत गुडघाभर गवत. त्यातूनच गेलो, तर पँटभर कुसळं. पोर ओट्यावर बसली होती. गालावर रंग, पोट सपाट. सुगंधाची आई शेवंतीबाई म्हणाल्या, "पोर बरी हाय. भात-मासली खाते. तुमी घोर नका करू." मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की बघा, इथे बरी झाली, म्हणजे आमच्याकडे सुगंधाच काहीतरी देत होती. इतकी पुढे सरकली होती ती ओंबी.

आरोही माझ्या पँटवरची कुसळं एकेक करून काढत होती आणि तोंडानं माझ्या ओळी. मध्येच थांबून तिनं विचारलं, "आजोबा, जव म्हणजे काय?" मी म्हणालो, जव म्हणजे सातू गं, गव्हाचा चुलतभाऊ. सुगंधा आत तांदळाची भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला. ती दारात आली, पिठाचे हात तसेच, आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग आत गेली आणि थापणं पुन्हा सुरू. मी मनाशी म्हणालो, काय हा ताठा, सासऱ्याला चहासुद्धा विचारला नाही.

परवा पुन्हा जायचं ठरवलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि तुझ्या डब्यातलं उरलेलं पीठ तर मीच खाऊन संपवलेलं. म्हणून नाक्यावरच्या किराणावाल्याकडून सातूचं पीठ घेतलं. घरी येऊन चिमूटभर तोंडात टाकलं, तर निव्वळ चण्याची चव. तावातावानं परत गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला भेसळखोर म्हणालो, सातू म्हणजे लांब मिशांच्या ओंबीचा दाणा हे त्याला ऐकवलं. तो न चिडता म्हणाला, "चाचा, सत्तू तो चने का ही होता है. आप जो बोल रहे हो, वो तो जौ है." मागे उभी असलेली एक बाई फिसकन हसली. मी पिशवी घेऊन तिथल्या गोणीवर बसलो. डॉक्टर चण्याला हो म्हणाले होते आणि सातूला नाही, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. गव्हाचे जवाशी जुने रक्त बोले. रोज सकाळी पोरीला सातू भरवताना हेच मी तिच्या कानात म्हणत होतो, सरू.

तू आता हातातलं काम टाकून बसशील. तसं करू नकोस. तुझ्या सातूत खोट नव्हती, तो तू पाखडून, भाजून, जिरं घालून जिवापाड दळलेला होता, आणि भरवणारा हात माझा होता. प्रितमला मी आज रात्री सांगणार आहे. पण सुगंधाला काय सांगायचं? तिला त्या दिवशी भाकरी थापतानाच कळलं, असा मला संशय आहे, आणि हा संशय मी बाहीतून काढणार नाही. तिला कळलं, आणि तिनं ना माझ्या तोंडावर मारलं, ना नवऱ्याला फोन करून सांगितलं. पोरीसमोर आजोबाला खाली बघायला लावायचं नाही म्हणून ती आत गेली. माझ्या वाटणीचं मी तिच्यापुढे बोलेन. पण फोनवरचं ते एक वाक्य तुझं आहे, आणि ते मला परत घेता येत नाही. म्हणून लिहितोय, बाई. येत्या रविवारी ये. एसटी स्टँडवर मी उभा असेन, आणि आपण दोघं तसेच राईला जाऊ. येताना डबा आणू नकोस. हात मोकळे असू देत.

तुझाच, काखेत अजून कुसळ असलेला,
अण्णा