भुंग्याखालचं नाव

मी, ष्वे चिंगथांग, वय एकाहत्तर, धंदा फुलांची चित्रं काढणे, राहणार चांगचौ, कालव्याकाठची गल्ली, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर शेजारच्या थांग मास्तरांचं, शब्द माझे. मास्तरांनी ते सुधारू नयेत.

एक. राहतं घर स्वयंपाकीण चौबाई हयात असेपर्यंत त्यांचं. चाळीस वर्षं त्यांनी मला वाढलं आणि तोंडावर खरं बोलल्या. त्यांच्या पश्चात ते पुतण्या योंगफूला मिळेल. त्याने त्यांना मागच्या खोलीत ढकलू नये. ऊन पुढच्याच खोलीत येतं.

दोन. कुंचले आणि रंगाच्या बशा गल्लीतली जी मुलगी मागेल तिला द्याव्या. होय मास्तर, मुलगी असंच लिहा.

तीन. माझ्या नावाचा दगडी शिक्का योंगफूला हवा आहे. मला म्हणाला, "काका, लोक नाव विकत घेतात, फुलं मागाहून बघतात." व्यवहाराचं बोलला, आणि ही अक्कल त्याला मीच शिकवलेली. तो शिक्का मी काल अंगणातल्या फरशीवर घासून कोरा केला. योंगफूने खुशाल तोंड फुगवावं.

चार. त्याचं कारण. आमच्या गावची फुलं बिनरेघेची. शाईने आधी कड आखायची नाही, ओल्या रंगातूनच पाकळी उमटवायची. हात हलला की पाकळी गेली. माझा हात शेहेचाळिसाव्या वर्षी हलू लागला. त्यानंतर माझ्या नावावर गेलेलं प्रत्येक फूल माझी मुलगी सूशिन हिने काढलेलं आहे. मी फक्त शिक्का मारला.

तिने एकदाच मागितलं. "बाबा, माझा एक छोटा शिक्का. कोपऱ्यात. कोणाला दिसणारसुद्धा नाही." मी म्हणालो, मुलीच्या नावाचं चित्र कोण टांगणार? पुढच्या मोठ्या चित्रात मला पिओनीच्या फुलाखालच्या पानाच्या शिरांमध्ये शाईने लिहिलेलं तिचं नाव सापडलं. नावाच्या वर मुंगीएवढी आणखी काही अक्षरं होती. रागाच्या भरात ती वाचायची राहिली. मी त्या सगळ्यावर हिरवा भुंगा रंगवला.

सूशिन मागे उभी होती. म्हणाली, "छान काढलात, बाबा. हात अजिबात हलला नाही तुमचा."

ज्या रेशीमवाल्याने ते चित्र नेलं, त्याने सबंध चित्रात त्या भुंग्याचीच तारीफ केली. मी ती ऐकून घेतली.

त्याच वर्षी तिला वूशी गावात दिली; त्यानंतर माझ्या नावावर एकही चित्र गेलं नाही. सासरी जाणाऱ्या पेटीत कुंचले ठेवू नका, हे मीच सांगितलं. तिसऱ्या हिवाळ्यात ती तापाने गेली. चौबाई म्हणाल्या, "ताप शेवटी आला, मालक." माझी पोर मी मारली, असंच मी समजतो.

पाच. ते चित्र मी माझा शाई उगाळायचा जुना दगड देऊन परत आणलं आहे. चित्रं मढवणारे काओ उस्ताद सांगतात की वरचा रंग पाण्याने सुटतो, खालची मुरलेली शाई सुटत नाही. त्यांनी सही होताच सर्वांसमोर तो भुंगा उतरवावा. कोऱ्या शिक्क्यावर सूशिनचं नाव कोरून तो त्या चित्रावर मारावा. ज्यांच्या घरी माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षानंतरची चित्रं आहेत, त्यांना मास्तरांनी कळवावं की ती माझी नाहीत. कोणी भिंतीवरून उतरवलीच, तर हलक्या हाताने उतरवावीत.

शिक्का उरला नाही, म्हणून अंगठा देत आहे.

(ष्वे चिंगथांग यांचा डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: थांग युएलिन, शाळामास्तर.

साक्षीदार: काओ शोउचंग, चित्रं मढवणारा. माझ्या हाताने जोडतो: भुंगा उतरवला. नाव शाबूत आहे. वरची अक्षरं अशी: "बाबांसोबत काढलं." ष्वे यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचली.

चांगचौ, चीनच्या प्रजासत्ताकाचं अठरावं वर्ष, बाराव्या महिन्याची नववी तारीख.