बाबा, तुझ्या नातीला परत बोलवलंय

बाबा, तुझ्या नातीला परत बोलवलंय. हे आधीच लिहून टाकते, कारण मधलं ऐकायला तुला कधी दम नव्हता आणि सांगायला मलाही नाही. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं, तेव्हा अक्षर वाकडं आहे. निमूट वाच.

तुला आठवत असेल, जहाजावर नोकरीला असलेला शेजारचा चाचा सुट्टीला आला की अमेरिकेच्या कॅसेटी आणायचा. टेप आपल्या स्वयंपाकघरात ओट्यावर, पाण्याच्या हंड्याला खेटून ठेवलेला. आई भात उपसतेय, मी मिरच्यांची देठं काढतेय आणि तुम्ही दोघं पाटावर बसलेले, जशी काय पूजा मांडलीय. कॅसेटच्या पुढच्या बाजूला गाणाऱ्याचा फोटो, दात काढून हसणारा. तू त्याच्याकडे बघायचाससुद्धा नाही. आतला कागद उलगडून चाचाला म्हणायचास, "मागं कोण हाय ते वाच." मग चाचा चष्मा लावून मुंगीएवढ्या अक्षरातली नावं वाचायचा, गिटार कोण, बेस कोण, म्हणजे तुझ्यासारखा जाड तारांचा गिटार. दुसऱ्याच गाणाऱ्याच्या कॅसेटवर तेच नाव निघालं की तू मांडीवर थाप मारायचास. "बघ, ह्यो परत हाय! ह्याला बोलवत्यात!" माणसाचं नाव झालं, पैसा झाला, असलं काही तू म्हणायचा नाहीस. बोलवतात, एवढंच. मी म्हणायचे, मला तर तुझा बेस ऐकूच येत नाही, नुसतं गाणं येतं. तू माझा मिरचीचा हात धरून हंड्याला लावलास. हंडा आतून धडधडत होता. "ऐकू येत न्हाय तर हात लाव," म्हणालास. नंतर मी त्याच हाताने डोळा चोळला आणि घर डोक्यावर घेतलं, ते वेगळं.

आता तुझी नात त्याच मागं वाजवणाऱ्या लोकांच्या गोष्टी फोनवर वाचते आणि भाकऱ्या करताना माझ्या कानाशी बसून सांगते. सकाळी साबणाच्या जाहिरातीला वाजवायचं, दुपारी कुणा मोठ्या गाणाऱ्याच्या गाण्यात दोन शब्दांच्या मध्ये गिटारचे दोनच फटके मारून गप्प बसायचं, आणि संध्याकाळी लहानशा हॉटेलात स्वतःच्या मनाचं. बेसवाले तर अंगठ्याने तार ठोकायचे, बोटाने उपटायचे, तू हळदीत वाजवताना करायचास तसं. काहींचे पुढे स्वतःचे बँड झाले. काहींना वाजवणारं मशीन आल्यावर कुणी विचारेना, तर त्यांनी शिकवण्या धरल्या. आणि काहींना म्हातारपणी नव्या पोरांनी शोधून काढून परत बोलवलं. हे शेवटचं ती दोनदा सांगते. माझ्यासाठी सांगते, कळतं मला.

तर झालं असं. लग्न-हळदीत वाजवणाऱ्या आपल्या बेंजो पार्टीत ती तुझाच गिटार वाजवते. अलिबागकडच्या एका हळदीत पाहुण्यांतल्या एका माणसाने तिला ऐकलं. तो गाण्यांना संगीत देतो, तिथेच एका बंगल्यात त्याचा स्टुडिओ आहे. म्हणाला, एकदा येऊन वाजव. इकडे दिघीला बंदराच्या ऑफिसात तिची नोकरी जवळजवळ ठरलेली. मी साफ सांगितलं, "एकदा जा. न्हाय जमलं तर गुपचूप नोकरीला लाग आणि गिटार माळ्यावर." ती हो म्हणाली. पोरगी हो म्हणाली म्हणून मलाच धसका बसला.

म्हसळ्याहून पहिल्या एसटीने निघालो. स्टुडिओत काचेच्या अलीकडे मला खुर्ची दिली, ती पलीकडे कानाला डबडी लावून. गाणं सुरू झालं, तिनेही बरं धरलं. मग गाणं संपलं आणि ही आपली वाजवतेच आहे! तो संगीतवाला, सगळे त्याला सर म्हणतात, बटण दाबून ओरडला, "अगं बाई, गाणं संपलं! तू कुठे निघालीस?"

ती म्हणाली, "सर, नाचणारी खाली यायचीत."

तुझाच नियम, बाबा. हळदीत गाणं संपलं तरी बेस सोडायचा नाही, ढोलकीवाला पुढचं उचलेपर्यंत धरून ठेवायचा, कारण नवऱ्याची मावशी उडी मारून अजून हवेतच असते. ते हिच्या बोटांत बसलंय.

"इथे कोण नाचतंय?" सर म्हणाला आणि माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बगताव? मी न्हाय." सगळे हसले. ती नाही हसली. तिचे कान लाल झाले, हात तारांवरून सुटला आणि मला वाटलं, संपलं, दिघी. मग सर जरा नरमाईने बोलला, "हळदीत वाजवणारे सगळे हेच करतात. शेवट सोडवत नाही. एकदोघे तर तेवढ्यावरून चिडून उठून गेलेत."

आणि मला तू दिसलास. इस्त्रीचा पांढरा सदरा. तुलाही एकदा मुंबईला असंच स्टुडिओत वाजवायला बोलवलं होतं. जाताना गुणगुणत गेलास, दुसऱ्या दिवशी आलास, गिटार कोपऱ्यात ठेवलास. मी विचारलं, "काय झालं?" तू म्हणालास, "भात वाढ." परत विचारलं तर ताट सरकवून उठलास. इतकी वर्षं मला वाटायचं, तुला वाजवायला जमलं नसेल किंवा कुणी गावंढळ म्हणालं असेल. आता वाटतं, तूही त्या मावशीला हवेत धरून बसला असशील. तुला कुणी "परत घेऊ" म्हणालंच नसेल. की म्हणालं आणि तूच उठलास? तुझा राग मला ठाऊक आहे, घरचाच आहे.

हिला मात्र तो राग आला नाही, देवाची कृपा. तिने हात जीन्सला पुसले आणि म्हणाली, "सर, परत घेऊ?" परत घेतलं. या वेळी शेवट आला आणि तिने पंजा तारांवर असा अलगद टाकला, झोपलेल्या पोराच्या पाठीवर टाकतो तसा. एकदम शांत. मी काचेला हात लावून होते, तिचं थरथरणं थांबलेलं मला हाताला कळलं. सर कागदावर काहीतरी खरडत, वर न बघताच म्हणाला, "गुरुवारी ये. दोन गाणी आहेत."

येताना एसटीत मी मांडीवर थाप मारली. कंडक्टरने वळून बघितलं. बघू दे.

दिघीवाल्यांना तिने स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. पुढे मशीन येईल, कुणी विचारणार नाही, तेव्हाचं तेव्हा. शिकवण्या धरेल. तू तर गेलास, हा कागद मी कुठे पाठवणार, सुकट बांधायला होईल म्हणून मांडणीवर ठेवते. बांधीन असं नाही. उद्या गुरुवार. मघाशी ती म्हणाली, "आई, उद्या तू येऊ नको. मागच्या वेळी मी वाजवत होते आणि तू सारखी स्टुडिओच्या आतल्या दाराकडे बघत होतीस. कोण येणार होतं?"

मी म्हटलं, "कुणी न्हाय. वारा येत होता." तिला काय सांगू, बाबा, की गिटार घेऊन तूच आतून बाहेर येशील म्हणून बघत होते.