फोन केला, बोलणे झाले

३ मार्च, सोमवार

एकशे बेचाळीस! शुक्रवारी ब्याण्णव होत्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण नोकरी सोडून गेली आणि सकाळी तिच्या पन्नास फाइली ट्रॉलीवरून माझ्या टेबलापाशी आल्या. वर साहेबांची चिठ्ठी — "तात्पुरतं." आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. माझ्या टेबलाभोवतीचं पार्टिशनसुद्धा तात्पुरतंच होतं. अकरा वर्षं झाली.

जाताना म्हणाली, "तूही निघ गं." कुठे निघू? नवरोबाचं काम सुटून आठ महिने झाले. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालंय त्याचं. आता दारं आवाज करत नाहीत, पण तोही करत नाही.

६ मार्च, गुरुवार

कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. पुकारा व्हायला तास तरी आहे.

साहेब वकील नाहीत. आधी कुठल्याशा गोदामाचे व्यवस्थापक होते. माल आला, माल गेला. विमा कंपनीच्या वकिलांवर असा माणूस का नेमला, ते वरच्यांनाच ठाऊक. आल्या आल्या त्यांनी भिंतभर पडदा लावला. त्यावर प्रत्येक फाइलची एक पट्टी. सात दिवसांत नोंद पडली नाही की पट्टी लाल. "मला लाल दिसता कामा नये," एवढंच त्यांचं कायद्याचं ज्ञान. आम्ही त्यांना तक्तेसाहेब म्हणतो. नोंदीत काय लिहिलंय ते ते वाचत नाहीत, नोंद आहे की नाही तेवढं बघतात.

म्हणून शुक्रवारी तीन वाजता सगळं ऑफिस रंगरंगोटीला बसतं. न केलेले फोन केले म्हणून लिहायचे आणि सोमवारी करायचे. शेजारणीने पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं — वेळ कधी अकरा लिहू नये, अकरा वीस लिहावी. खरी वाटते.

मीही करते. सोमवारी फोनही करते, बहुतेक वेळा.

१० मार्च, सोमवार

सोफेवाल्यांचा फोन. दर सोमवारी येतो, दुकान उघडलं की. "सहज केला, वकीलबाई." सहज कुठला! बिचारे आठवडाभर धीर धरून बसतात. सोफे-खुर्च्या दुरुस्त करतात. खाली दुकान, वर दोघं नवरा-बायको राहतात. वर्षापूर्वी त्यांच्या छोट्या व्हॅनने वळणावर एका सायकलवरच्या शिक्षिकेला उडवलं. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चूक ह्यांचीच, तेही नाकारत नाहीत. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला — "बाईंचं कसं आहे हो आता?"

कागदोपत्री मी त्यांची वकील आणि पगार कंपनीचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमच्यात पाहुणा पोटभर जेवून उठतो, उपाशी राहिलं तर सोफेवाल्यांसारखं कुणीतरी. पॉलिसीला मर्यादा आहे. तेवढ्यापर्यंत कंपनी देणार, त्याच्यावर कोर्टाने सांगितलं तर ज्याचं त्याने बघायचं. आणि ह्यांच्याकडे बघायला आहे काय, ते दुकान आणि वरच्या दोन खोल्या.

१२ मार्च, बुधवार

बरी बातमी! शिक्षिकेच्या वकिलांचं पत्र आलं. मर्यादेएवढी रक्कम द्या, प्रकरण मिटवतो, सोफेवाल्यांकडून दमडी मागणार नाही. मुदत तीस दिवस, अकरा एप्रिल. असं पत्र रोज येत नाही. मी लगेच शिफारस लिहिली: घ्या! आणि सोफेवाल्यांना कळवण्याचं पत्रही तयार केलं. घर त्यांचं आहे, हे कळण्याचा पहिला हक्क त्यांचा. पण पत्राला साहेबांची सही लागते. ट्रेमध्ये ठेवलं.

१९ मार्च, बुधवार

पत्र ट्रेमध्येच. वर साहेबांचा डबा.

विचारलं तर म्हणाले, "तीस दिवस आहेत ना? मग गडबड कसली? पहिल्याच पत्रात सगळं देऊन टाकलं तर वरचे म्हणतील, हे लोक लढतच नाहीत." मी म्हटलं, निदान पार्टीला तरी कळवू द्या. "बघतो." बघतो म्हणाले आणि खरंच पडद्याकडे बघत बसले.

सहीशिवाय पत्र जात नाही. फोनला सही लागत नाही. मीच फोन करून सांगते.

२१ मार्च, शुक्रवार

रंगरंगोटी. साठ नोंदी दोन तासांत, बोटं दुखली. सोफेवाल्यांचीही केली. "सकाळी ११.२०. पॉलिसीधारकास फोन केला, बोलणे झाले. तडजोडीचा प्रस्ताव समजावून सांगितला. पत्नीशी बोलून कळवतो म्हणाले." सोमवारी त्यांचा फोन येईलच, तेव्हा सांगायचं. नोंद थोडी आगाऊ, इतकंच.

२४ मार्च, सोमवार

साहेबांनी सकाळी नवंच प्रकरण अंगावर टाकलं — आजपासून सुनावणी, फाइल आजच बघा! कोर्टाच्या पायऱ्या चढताना सोफेवाल्यांचा फोन. "सहज केला." एका हातात फाइल, दुसऱ्या हातात फाइल, फोन मानेत. म्हटलं, "मी करते तुम्हाला नंतर."

"सावकाश, सावकाश. तुमची कामं आधी," म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

सुनावणी अजून चालूच. आज कोर्टाला सुट्टी आणि मला फाइली. भराभर चाळल्या. सोफेवाल्यांची उघडली — हिरवी. प्रस्ताव कळवला आहे, पत्नीशी बोलून सांगणार आहेत. चला, एक काम तरी मार्गी आहे.

७ एप्रिल, सोमवार

सोफेवाल्यांचा फोन ह्याही सोमवारी चुकला. ऑपरेटरकडे निरोप: "सहज केला होता."

११ एप्रिल, शुक्रवार

आज कसलीतरी तारीख आहे असं सकाळपासून वाटतंय. नवरोबाचा वाढदिवस नाही. घरभाडं झालं. दात? दाताची पुढच्या आठवड्यात. तीन वाजले, नोंदींना बसते.

१५ एप्रिल, मंगळवार

शिक्षिकेच्या वकिलांचं चार ओळींचं पत्र. मुदतीत उत्तर न आल्यामुळे प्रस्ताव मागे घेत आहोत. आता कोर्टातच भेटू.

आधी मला सोफेवाल्यांचाच राग आला! खरंच आला. एवढं समजावून सांगितलं आणि माणसाने उलट फोन करू नये? बायकोशी बोलतो म्हणाला होता ना! मग नोंद पुन्हा वाचली. अकरा वीस.

त्या दिवशी अकरा वीसला मी झेरॉक्सच्या रांगेत होते.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मी त्यांना सांगितलंच नाही. माझ्याच थापेवर माझाच विश्वास बसला.

१६ एप्रिल, बुधवार

त्या वकिलांना फोन केला, अक्षरशः गयावया केली. ते म्हणाले, "ताई, महिनाभर तोंडातून शब्द नाही तुमच्या. आता माझी पक्षकार ऐकणार नाही."

मग साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे नोंद उघडली.

"आहे की! बोलणे झाले."

"साहेब, फोन केलाच नव्हता. शुक्रवारी सगळे भरतात तशी भरली."

ते उठले आणि त्यांनी स्वतः दार लावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला बसा म्हणाले. "तुम्ही दमला आहात. एवढ्या फाइली, डोक्यात गोंधळ होतो. तुम्ही फोन केलात. इथे लिहिलंय." मग चहा मागवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या चहाची मला भीती वाटली.

२१ एप्रिल, सोमवार

"सहज केला. बाईंचं कसं आहे?"

बरं आहे, म्हटलं. "आणि आपल्या केसचं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "चाललंय." आज सांगायचं ठरवलं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

मीटिंग. साहेबांनी भिंतीवर एक नोंद दाखवली — नोंद कशी असावी याचा नमुना. वेळ आहे, विषय आहे, समोरच्याचं उत्तर आहे. माझीच. अकरा वीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नुकतीच वकील झालेली ती नवीन मुलगी वहीत उतरवून घेत होती.

माझ्या पन्नास फाइली कमी केल्या. खिडकीजवळचं टेबल दिलं. आता मला नको असताना उजेड येतो.

१७ जून, मंगळवार

निकाल. मर्यादेच्या चौपट.

मी जीव तोडून लढले, हे देवाशपथ खरं आहे. पण ती शिक्षिका कुबड्यांवर साक्षीला आली आणि सोफेवालेच डोळे पुसू लागले, तिथेच सगळं संपलं. निकाल कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे दुकान जाणार का हो?" मी अपील वगैरे बोलत राहिले. त्यांची बायको मध्येच म्हणाली, "आधी मिटवता आलं नसतं का?" साधा प्रश्न. मी फाइलीची नाडी बांधत राहिले. तीन वेळा सोडून बांधली.

३० जून, सोमवार

आज पहिल्यांदा सोमवारी त्यांचा फोन आला नाही.

४ जुलै, शुक्रवार

त्यांनी दुसरा वकील केला. त्याने शिक्षिकेच्या वकिलांकडून पत्रव्यवहार मागवला आणि बारा मार्चचं पत्र सापडलं. तक्रार दाखल झाली, कंपनीवर आणि माझ्यावर. "तडजोडीचा प्रस्ताव मला कधीही कळवला नाही. कळवला असता तर घर वाचले असते." शब्द न् शब्द खरा. कळवलं नव्हतं हे सिद्ध झालं तर मर्यादेच्या वरची सगळी रक्कम कंपनीला भरावी लागेल आणि त्यांचं घर राहील. माझी वकिलीची सनद जाईल.

म्हणजे आता सगळं एका फोनवर आलं. जो मी केलाच नाही.

८ जुलै, मंगळवार

कंपनीने बाहेरचे मोठे वकील आणले. गोड माणूस. "नोंद तुमच्या हातची?" हो. "त्याच दिवशी केलेली?" हो. "बस. याच्यापलीकडे मला काही सांगू नका." मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "मला कळलं तर अडचण होईल. नुसतं नोंदीला धरून राहा."

फोन कंपनीकडून त्या दिवसाची यादी मागवता येणार नाही का, असं मी मुद्दामच विचारलं. म्हणाले, "ऑफिसचा एकच नंबर, चाळीस टेबलं. बिलात नुसती मिनिटं येतात, कुणाला केला ते नाही. साहेबांनी चौकशी केली आहे." साहेबांनी! जो माणूस तीस दिवसांत एक सही करू शकला नाही त्याने दोन दिवसांत ही चौकशी केली.

२१ जुलै, सोमवार

नवरोबाला सांगितलं. भाजी निवडत होता. सगळं ऐकून घेतलं आणि निवडतच राहिला. मला वाटलं म्हणेल, गप्प बस, घर कसं चालायचं. म्हणाला, "तुझं टेबल बदललं तेव्हा तू पेढे — " आणि थांबला. मी काही आणलं नव्हतं तेव्हा. त्याला तेव्हाच काहीतरी कळलं होतं म्हणे.

"सनद गेली तर?" मी विचारलं.

"मी कुठेतरी चिकटेन. गोदामात का होईना." मग हसला. "गोदामवाल्यांना बरे दिवस आहेत."

कितीतरी महिन्यांनी हसलो. सांगायचं ठरलं.

२५ जुलै, शुक्रवार

तीन वाजता माझ्या सगळ्या पट्ट्या लाल सोडल्या. साहेब येऊन उभे राहिले. नवीन मुलगी शेजारी बसून भराभर भरत होती. तिच्या स्क्रीनवर ओझरतं दिसलं — ११.२०. तिला म्हटलं, अगं, असं करू नकोस. ती गोंधळली. म्हणाली, "पण मॅडम, हे तुमचंच आहे ना?"

३० जुलै, बुधवार

उद्या चौकशी. दहा वाजता. काय बोलायचं ते आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. लांबण लावायची नाही. "मी फोन केला नव्हता. नोंद खोटी आहे." दोन वाक्यं. एवढ्याने त्यांचं घर वाचतं. मन हलकं झालंय, भूकही लागली आज.

३१ जुलै, गुरुवार

चौकशी झालीच नाही. सोफेवाल्यांनी काल संध्याकाळी तक्रार मागे घेतली. दुकान रिकामं करायला महिना मिळाला आहे.

सकाळी पायऱ्यांवरच भेटले, बायको चार पावलं मागे. मला बघून हात जोडले. "माफ करा, वकीलबाई. तुमच्यावर उगाच आळ घेतला. त्या मोठ्या वकीलसाहेबांनी नोंद वाचून दाखवली. तारीख, वेळ, सगळं होतं त्यात. तुम्ही लिहिलंय म्हणजे फोन आलाच असणार. मीच विसरलो."

पाठ केलेली दोन्ही वाक्यं तोंडाशी होती. साहेब वरून बघत होते.

मी म्हटलं, "असू द्या. वयाने होतं असं."