डायनामोतली टकटक

प्रिय वुकोता,

रविवारी येतोयस, शेजारच्या मिलुतिनला गोळी घालणारेस, आणि मी फाटक उघडं ठेवायचं, असा तुझा निरोप मिळाला. वा रे वाघा! कोर्टाने त्याला बाबांच्या खुनातून सोडल्यावर गाडी सुरू करायच्या हँडलने त्याचा जबडा फोडलास, तरी तुझं पोट भरलं नाही? आता गुमान वाच, नाहीतर आधी मीच तुझ्या थोबाडीत देईन.

बाबांची जुनी गाडी काल बाहेर काढली. तुझ्या लग्नात ते तिच्यावर कोसळले, त्यानंतर ओढत घरी आणून रक्त धुण्यापुरताच तिला हात लागला होता. सुरू केली, तर आतून टकटक, टकटक. वाटलं, व्हॉल्व्ह सैल झाले असतील. ते नीट केले, आवाज तसाच. मग बाबांसारखा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. "आधी ऐक पोरी, मग पाना उचल," म्हणायचे ना. डायनामोपाशी आवाज थेट कानात घुसला. त्याला फिरवणारा पट्टा काढून इंजिन चालवलं, टकटक गप्प.

त्या दिवशीही ते असेच वाकले होते. वरातीची हीच गाडी तापलेली, बॉनेट उघडं. तू नवरीच्या अंगणात, झाडाला टांगलेल्या सफरचंदावर नेम धरून उभा. राकिया दारूने पाय लटपटत होते तुझे. पाहुणे ओरडत होते, "पाड रे सफरचंद, नाहीतर नवरी मिळायची नाही!" मिलुतिन गाडीशेजारी पिस्तूल हवेत झाडत नाचत होता. बाबा पडले आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. मीसुद्धा. केस धरून त्याचं डोकं दगडावर आपटलं मी. बाबांच्या मानेतून आरपार गेलेली गोळी मात्र कुणाला सापडली नाही.

ती डायनामोत होती, वुकोता. त्याच्या पंख्याचं पातं तिच्यावर आपटत होतं. टोक चेपलंय, पण लांब आहे, बंदुकीची. पिस्तुलाची आखूड असते, हे तुला सांगायला नको. त्या अंगणात बंदूक एकच होती, बाबांनीच तुझ्या हातात दिलेली. नेम चुकला म्हणून तू हसत मागे, गाडीकडे वळलास, नळी खाली आली आणि बार उडाला. तो जमिनीत गेला, असं आपण सगळेच समजलो.

मिलुतिन आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. मीच बोलावलं. तारेने बांधलेल्या जबड्यातून सूप ओढतोय. गोळी बशीत घालून त्याच्यापुढे ठेवली. कसाबसा म्हणाला, "त्याला नको सांगूस, देसांका. मरेल तो." ज्याला तू मारायला निघालायस, तो हे बोलला! मी ओक्साबोक्शी रडले रे. तरी सांगतेय, कारण आपल्यापायी आणखी एक मुडदा मला पडू द्यायचा नाही. फाटक उघडं ठेवते. बंदूक घरी ठेवून ये.

तुझीच बहीण,
देसांका