टाळीबाई, बोकड आणि माझी गोष्ट

सोमवार, ४ तारीख
नातीच्या शाळेत नवी टूम. घरच्या कुणीतरी आठवडाभर वर्गात मदतीला यायचं. सूनबाईला ऑफिस, मुलाला आळस. राहिलं कोण? मी! ठेवणीतल्या चपला काढल्या. चौथीत शाळा सुटली म्हणून काय झालं, चार पोरं वाढवलीत. तीन तरी धड निघाली.
वर्ग पहिलीचा. पोरं कसली गोड! बाई मात्र कालची पोर. गलका झाला की तीन टाळ्या वाजवते, पोरं उलट दोन वाजवतात नि गप्प होतात. शाळा आहे की डास मारायची स्पर्धा? मी तिचं नाव टाळीबाई ठेवलं.
मला कागद कापायला बसवलं. मला! वाकडे कापले गेले. कात्रीच तसली.

मंगळवार, ५
टाळीबाई मधेच सगळ्यांना उड्या मारायला लावते. एनर्जी बाहेर पडते म्हणे. आमच्या वेळी ती छडीने पडायची. एक पोरगा बाकाखाली बसून वाचतो, तेही चालतं!
तिला तोंडावर सांगितलं, पोरांना टाळ्या नकोत, गोष्ट हवी. हसली. ते हसणं मी ओळखते, घरात एक आहे तसलं.

बुधवार, ६
जिंकले!
बोकडाची गोष्ट काढली. बोकड निघाला नदीवर. त्यावरून धाकट्या बहिणीचा बोकड आठवला, त्यावरून तिचा नवरा. पोरं चुळबुळायला लागली, एकीने माझा चष्माच ओढला. टाळीबाई माझ्या पाठीमागे जाऊन काहीतरी पुटपुटली. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, आणि तिचं ऐकायचं तरी कशाला?
मग काय सांगू! हूं नाही की चूं नाही. एकाने हात वर केला होता, तो तसाच वर. एक पोरगी एका पायावर. पुढचे दात पडलेला एक दातपडका, त्याच्या उघड्या तोंडावर माशी बसली तरी मिटेना. नातीचा रुमाल नाकालाच राहिला. याला म्हणतात रंगणं. टाळीबाई, बघ आणि शीक!

गुरुवार, ७
आजही तेच. तडक मोठ्या बाईंकडे गेले. उद्या त्या वर्गात येऊन बसणार. पसंत पडलं तर दर आठवड्याचा गोष्टीचा तास माझा! माझी अट एकच, टाळीबाईने बाहेर थांबायचं. ती म्हणाली, आजी, मी मागे उभी राहते, सोपं जाईल. म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हो.
सूनबाई म्हणाली, आई, जपून. जळते मेली. नात जेवताना काहीतरी सांगत होती. म्हटलं, आधी घास गिळ.

शुक्रवार, ८
मोठ्या बाईंची खुर्ची करकरत होती, त्याने पोरांचं लक्ष उडालं. बोकड नदीवर पोचायच्या आत निम्मा वर्ग खिडकीत. बाकाखाली आता तिघं. दातपडका विचारतो, आजी, बोकड कधी मरणार? ओरडले. घसा बसला. एकाने माझी पिशवी डोक्यावर घातली.
शेवटी हात आपोआप उठले. तीन टाळ्या. पोरांनी दोन वाजवल्या नि गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिली. सगळीच्या सगळी. आणि मला बोकड कुठवर आला होता तेच आठवेना.
मोठ्या बाई म्हणाल्या, आजी, तुम्ही कागद छान कापता म्हणे.

शनिवार, ९
नातीने आज घास गिळून सांगितलं. टाळीबाई मागून ‘स्टॅच्यू’ म्हणायची. हलला तो आऊट. दोन्ही दिवस दातपडकाच जिंकला, माशी बसूनसुद्धा.
म्हटलं, ते असू दे, बोकडाची गोष्ट आवडली ना?
म्हणाली, कुठला बोकड?
सोमवारपासून पुन्हा कागद कापायला बोलावलंय. टाळीबाईनेच. जाणार. कात्री मात्र घरची नेणार.