बारीक ओळ

प्रिय बडबडे,

पत्र बघून हसशील. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला कुणी पत्र लिहितं का? पण तोंडानं बोलायला गेले की आपलं भांडण होतं, आणि या वेळी मला भांडायचं नाही. म्हणून दुकानात जेवणाच्या सुट्टीत शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहिते आहे. चार पँटांच्या चेन बसवायच्या राहिल्यात, राहू देत.

आधी खरं ते सांगून टाकते. मला तुझा हेवा वाटतो. साधासुधा नाही, चांगला जळफळाट होतो. आमच्या इमारतीतल्या बाया सकाळी जिन्यात भेटल्या की मी कशी आहे हे कुणी विचारत नाही; धाकटी आज कायदा सल्ला केंद्रात आहे का, एवढंच. घरमालकाला सगळी इमारत रिकामी करून हवी आहे हे कळल्यापासून तर तू म्हणजे देवच झालीस. आमच्या शेजारच्या नर्सबाईच्या नवऱ्याचा इथं राहायचा परवाना संपत आला होता, तू अर्ज करून वाढवून घेतलास. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला पोलिसांनी उचललं, तर वकील येईपर्यंत गप्प बसायचा हक्क आहे हे तू त्याला आधीच पढवून ठेवलेलं. मान्य, सगळं मान्य. पण माणसानं दिवसातून किती वेळा ऐकायचं? आणि आई! राहते माझ्याकडे, गोळ्या मी देते, पाय मी चेपते, आणि गुणगान तुझं. परवा नळ गळत होता तर म्हणाली, धाकटीला विचार. मी म्हटलं, नळाचा काय कायदा असतो? तर असतो म्हणे, दुरुस्ती मालकानं करायची असते. हे मला नर्सबाईनं सांगितलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तुला वाचायला कुणी शिकवलं गं? तू पाच वर्षांची होतीस. आई कामावर गेली की मी तुला घेऊन बसायची. घरात पुस्तकं नव्हती, मग बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, साबणाचं वेष्टन, हाताला लागेल ते. तू मोठी अक्षरं धडाधड वाचून पळायला बघायचीस आणि मी वेणी धरून परत बसवायची. बारीक ओळ राहिली, ती वाच, मग ऊठ. काय भोकाड पसरायचीस! आणि आता तेच तू पत्रकावर छापलंस आणि आमच्या एकेका दारावर चिकटवलंस. बारीक ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. खाली नाव केंद्राचं. समोरची आजी म्हणाली, काय बाई डोकं आहे तुझ्या बहिणीचं. मी हो म्हटलं, घरात आले, आणि जरा वेळानं दार उघडून माझ्या दारावरचं पत्रक टराटरा फाडलं. आईला सांगितलं, वाऱ्यानं गेलं.

गेल्या मंगळवारी मी तुझ्या केंद्रात आले होते. तुला माहीत नाही. टोकन घेतलं, सत्तावीस नंबर, आणि खांबाआडच्या खुर्चीत बसून राहिले. तुझ्यासमोर एक बाई रडत होती, नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. तू तिला पाणी दिलंस, खुर्ची तिच्याजवळ ओढलीस आणि सांगितलंस, ताई, घर तुमचंही आहे, असं कुणी काढू शकत नाही. ताई! पुढच्या बाईलाही ताई. सव्वीस नंबरची तर तुझ्याहूनही लहान दिसत होती, तिलाही ताई. अगं, तुझं सगळं जगानं वाटून घेतलं, तेवढं एकच माझ्या एकटीचं उरलं होतं. तू सत्तावीस पुकारलंस तेव्हा मी जिना उतरत होते. दोनदा पुकारलंस, मला ऐकू आलं.

कशाला आले होते, ते आता सांगते. घरमालकाचा माणूस कागद घेऊन दारोदार फिरला. सगळ्यांनी त्याला एकच उत्तर दिलं, आधी धाकट्या बाईंना दाखवतो. माझ्या दारात आला आणि हसत म्हणाला, तुम्ही थोरल्या, पण तुम्हीही त्यांना विचारूनच सगळं करत असाल. झालं, माझं डोकं फिरलं. मला कुणाला विचारावं लागत नाही म्हटलं आणि त्याच्याच पेनानं सही ठोकली. कागद मिळाल्याची पोच आहे, असं सांगितलं होतं त्यानं. तो गेल्यावर वाचला. अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरांत आहे की आम्ही राजीखुशीनं महिनाअखेर घर सोडतो. मी, बाटलीवरची शेवटची ओळसुद्धा न सोडणारी मी! सगळ्या इमारतीत सही एकटीची, आणि आता तो बाकीच्यांना तीच दाखवत फिरतोय, की बघा, त्यांच्या सख्ख्या बहिणीनं केली.

आईला यातलं काही माहीत नाही. ती खिडकीतल्या कुंडीसाठी नवी माती आण म्हणून मागं लागली आहे. त्या दिवशी खांबाआडून मी ऐकलं, फसवून घेतलेली सही चौदा दिवसांत लेखी कळवलं तर मागे घेता येते. माझ्या सहीला आज अकरावा. त्यानं दिलेली प्रत सोबत ठेवली आहे. लोक आपले प्रश्न टाकतात त्या तुझ्या केंद्राच्या दारावरच्या पेटीतच हे पत्र टाकते, आणि उद्या दहाला येऊन टोकन घेते. या वेळी उठून जाणार नाही. मला रांग मोडून आत घेऊ नकोस. रागव, सगळ्यांदेखत रागव. तो कागद माझ्याकडून मोठ्यानं वाचून घे, आणि बारीक ओळ आली की माझी वेणी धर. माझं घर वाचव गं. आणि मला ताई म्हण, पण त्या बायांना म्हणतेस तसं गोड नको. ताई, वेणी सोड म्हणून केकाटायचीस ना, तसं म्हण.

तुझीच,
सगळ्यांच्या आधीची ताई