नामाहागेच्या तोंडी तुमची बोलणी

अण्णा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या एकतीस डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता, जपानच्या अकिता प्रांतात, किनाऱ्यावरच्या एका खेड्यात मी पेंढ्याचा झगा अंगावर चढवला आणि शिंगं असलेला लाल लाकडी मुखवटा तोंडावर बांधला.
२. आम्ही तिघे होतो. बाकीचे दोघे साठी ओलांडलेले.
३. ज्या घरात गेलो तिथे पाच वर्षांची मुलगी होती. गावात उरलेलं एकुलतं एक मूल.
४. ते दोघे ओरडले. ती हसली.
५. मी ओरडले. ती रडली.
६. सगळ्यांना फार आनंद झाला.

सहावा मुद्दा तुम्हाला पटणार नाही, म्हणून खुलासा. नामाहागे हे तिथले राक्षस. वर्षाच्या शेवटच्या दिवशी डोंगरावरून उतरतात, हातात लाकडी सुरे घेऊन दारात सात वेळा पाय आपटतात आणि ‘रडकं पोर कोण? आळशी पोर कोण?’ असं गरजत घरात शिरतात. मग घरचा कर्ता त्यांना बसवतो, साके म्हणजे तांदळाची दारू पाजतो, आमचं मूल गुणी आहे म्हणून विनवतो. राक्षस वर्षभराचा आशीर्वाद देऊन जातात. नागोयाच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग तपासणारी मैत्रीण त्या गावची. सुट्टीत हॉस्टेलचं स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून ती मला घरी घेऊन गेली होती.

दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. आदल्या वर्षी त्या मुलीने एका राक्षसाला आवाजावरून ओळखलं होतं: भाजीवाले आजोबा. ज्याला कोणी भीत नाही असा नामाहागे काय कामाचा? यंदाही ती हसली तर मुखवटे कायमचे देवळात ठेवायचे, असं गावाने ठरवलं होतं. त्यात तिसऱ्या गड्याची बर्फ उपसताना कंबर धरली. मैत्रिणीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं; भारतातली म्हणून ते मला इंदो-सान म्हणत. “इंदो-सान, उंची किती?”

“एक मीटर चौसष्ट.”

“बाईने मुखवटा घालायचा नसतो,” कंबरवाले म्हणाले.

“मग ऊठ आणि तूच घाल,” मैत्रिणीची आई गॅसपाशी उभ्या उभ्याच म्हणाली. कोणी उठलं नाही.

“मला तुमची बोली येत नाही,” मी म्हणाले.

“तू फक्त ओरड. काय ओरडायचं ते तुझं तू बघ.”

मी काही ठरवून गेले नव्हते, हे नमूद करते. आत गेलो, मैत्रिणीचे वडील आणि भाजीवाले गरजले. आजीच्या मांडीवरची ती मुलगी खिदळून म्हणाली, “भाजीवाले आजोबा, तुमचा चष्मा कुठंय?” मैत्रिणीच्या वडिलांचा लाकडी सुरा हळूहळू खाली आला. मुलीचे आजोबा पाहुणचाराच्या ताटाकडे बघत राहिले. आणि मी तोंड उघडलं तर आतून निघालं ते मराठीत, असं: “काय गं! पान्हा कुठं टाकलास? घेतलेली वस्तू जाग्यावर ठेवायला हात झिजतात का तुझे?”

उद्यमनगरातली आपली लेथची शेड. मी नऊ वर्षांची आहे, पान्हा लेथवर विसरून बाहेर खेळतेय. तुमची हाक येते आणि शेजारच्या शेडमधला माणूससुद्धा हातातलं काम थांबवतो. मी आत येते, पान्हा पुसून खिळ्याला अडकवते. तोवर तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळून अगदी वेगळ्या आवाजात सांगताय, “पोरीचा हात पक्का आहे बरं का. मापात चुकत नाही.” ते मला ऐकू जाईल अशा बेतानेच सांगत होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

इकडे त्या मुलीने असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. ती आजीच्या कुशीत घुसली आणि भोकाड पसरून, कोणी विचारलेलं नसताना, कबूल करून मोकळी झाली: “दारातले बूट नीट ठेवीन! रोज ठेवीन!” आजोबा ताठ बसले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. “नामाहागे-सामा, नात गुणी आहे हो आमची. भात टाकत नाही. आजीचे पाय चेपते.” इतक्या अभिमानाने गयावया करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाहेर आल्यावर भाजीवाल्यांनी मुखवटा वर केला आणि बर्फातच हसत बसले. “बाप रे, मीसुद्धा घाबरलो! कुठला मंत्र हा?” आमच्याकडचं जुनं स्तोत्र आहे, असं मी सांगितलं.

आता गावाकडून ऑफिसात फॅक्स आलाय. मुखवटे देवळात गेले नाहीत. यंदा दोन घरांतली नातवंडं सुट्टीला गावी येणार आहेत, पेंढा विणायला घेतलाय, मी येणार का ते वीस डिसेंबरपर्यंत हवंय. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते ड्रॉवरमध्येच राहील. त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आई फोनवर तुमचा विषय काढते तेव्हा मी सांगते, मला त्यांचा आवाज आता आठवत नाही. मग आम्ही हवापाण्याचं बोलतो. मी खोटं सांगत होते. आवाज जसाच्या तसा आहे, चढउतारासकट. तो काढला तर पुढे काय काय निघेल याची मला खात्री नव्हती, इतकंच. त्या दिवशी मुखवट्याच्या आत मी रडले आणि हसलेही. बाहेरून फक्त शिंगं दिसत होती.

मला जायचं आहे. पण आवाज तुमचा आहे. यंदाही वापरू का, ते वीस डिसेंबरपर्यंत कळवा.